त्रेसष्टपैकी त्रेसष्ट

करवंदं पिकली की मी ओळंबा काढतो. खानापूरकडच्या बायका पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बेळगावच्या बाजारात बसू लागल्या, की समजायचं, आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. त्यानंतरचा पहिला रविवार मी मोकळा ठेवतो. पिशवीत ओळंबा, स्टीलची पट्टी, खडू आणि शंभर पानी वही. घरातून विहिरीपर्यंत सहाशे दहा पावलं आहेत. पूर्वी पाचशे ऐंशी भरायची. विहीर तिथंच आहे, माझं पाऊल आखूड झालंय.

मापं घेणं हा माझा पोटाचा उद्योग. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तेवीस वर्षं मी ओतीव कामाची तपासणी करतो. भोक किती मिलिमीटरचं, कड किती तिरकी, भाग पास की नापास, एवढंच ठरवायचं. घरी बायको म्हणते, तुम्ही भाकरीचीसुद्धा मापं घ्याल. घेतलेली नाहीत, पण डोळ्यांना कळतं.

आमचं गाव बेळगुंदीच्या अलीकडं, डोंगराकडून उतरत येणाऱ्या जमिनीवर आहे. विहीर गावाच्या पश्चिमेला, भाताच्या खाचरांच्या खालच्या अंगाला. कुणी बांधली ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं मी सांगत नाही. पूर्वेला एक्कावन्न पायऱ्या. त्यांच्यावर विटांची कमान. बाकी तिन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या, आणि सगळ्यांत वर हातभर उंचीचा विटांचाच कठडा. भिंती तीन टप्प्यांनी खाली उतरतात, आणि प्रत्येक टप्प्याला माणूस चालू शकेल एवढा कट्टा आहे. प्रत्येक टप्प्यात, प्रत्येक भिंतीला, मूठ आत जाईल अशी सात भोकं. तीन भिंती, तीन टप्पे, सात भोकं. त्रेसष्ट.

होती, असं म्हणायला हवं. पश्चिमेची भिंत आता नाही.

उरलेल्या दोन भिंतींना पोट आलंय. गवंडी असंच म्हणतात, भिंतीला पोट आलं. वरून ओळंबा सोडला की दोरी सरळ खाली जाते आणि भिंत तिच्या अंगावर येते. मधल्या टप्प्याशी भिंत सरळ रेषेच्या किती पुढं आली ते मी मोजतो. दक्षिणेची भिंत गेल्या वर्षी एकाहत्तर मिलिमीटर पुढं होती. यंदा एकोणऐंशी. कारखान्यात आम्ही अर्ध्या मिलिमीटरला माल परत पाठवतो.

आकडा लिहून झाला की मी कट्ट्यावर थोडा वेळ बसतो. दगड सकाळी गार असतो. वरून कुठून तरी काजूच्या बोंडांचा आंबूस, गोडसर वास येतो. तो वास आला की मला नऊ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवतो, आणि त्याच्याही मागचे, आईचा हात धरून इथं उतरायचो ते उन्हाळे.

अक्षय तृतीयेच्या सकाळी गावातल्या बायका विहिरीत उतरायच्या. विहिरीचं तोंड धुणं म्हणायचे त्याला. घरटी एक भोक नेमून दिलेलं होतं. प्रत्येकीच्या हातात मेसाची, म्हणजे बारीक बांबूची, लांब काठी, टोकाला हळद लावलेली. आपल्या भोकात ती काठी कोपरापेक्षा आत घालायची, फिरवायची, आणि जो चिखल बाहेर येईल तो ओंजळीत धरून घरी न्यायचा, तुळशीत घालायचा. घरांपेक्षा भोकं जास्त होती. उरलेली गुरव करायचा. आमचं भोक दक्षिणेच्या भिंतीत, मधल्या टप्प्यात, पायऱ्यांकडून तिसरं. आई काठी घालताना तोंड फिरवून घ्यायची, कारण एकदा आतून बेडूक तिच्या अंगावर आला होता. बाकीच्या बायका दर वर्षी त्या बेडकाची चौकशी करायच्या. पाहुणा आला न्हाय व्हय गं अजून?

घरं वाटली गेली की भोकाचाही वाटा व्हायचा. आमच्या शेजारचे दोन भाऊ वेगळे झाले तेव्हा भांडी, बैल, परस सगळं वाटून झालं आणि भोकावर अडलं. शेवटी ठरलं, एका वर्षी थोरलीनं काठी घालायची, पुढच्या वर्षी धाकटीनं. एक वर्ष दोघीही आल्या आणि एकमेकींकडं पाठ करून विहिरीत उभ्या राहिल्या. तेव्हा सगळे हसले. तो विधी होता, नेमानं व्हायचा, आणि तो कशासाठी हे कुणीच विचारत नव्हतं. हसण्यासारखं होतं खरं तर तेच.

नळ आल्यावर हे बंद पडलं. एका वर्षात नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा घरं आली नाहीत, मग वीस. शेवटी आई आणि दोन-तीन म्हाताऱ्या उरल्या, आणि आईचे गुडघे गेले. भोकं चिखलानं, पारव्यांच्या घाणीनं भरली. एका भोकातून साप निघालेला दोघांनी बघितला. हिवाळ्यानंतर पाणी भरभर खाली जायला लागलं तेव्हा कुणी तरी म्हणालं, इतकी भोकं आहेत, विहीर गळणारच. हे मला पटलं. भोक म्हणजे गळती. माझ्या धंद्यात तरी तोच अर्थ.

नऊ वर्षांपूर्वीच्या वैशाखात गावानं विहीर दुरुस्त करायचं ठरवलं. कुणी भाड्यानं माणसं आणली नाहीत. सगळं श्रमदान. शहरात नोकरी करणारे आम्ही पंधरा-सोळा जण सकाळी सहाला उतरायचो आणि नऊला अंग धुऊन कामावर जायचो. रविवारी दिवसभर. बायका आंबील घेऊन यायच्या. फणस फोडलेल्या हातांचा वास, ओल्या सिमेंटचा वास, खालून आवाज दिला की तीन वेळा परत येणारा आवाज. इतकी माणसं एकत्र येऊन काही तरी चांगलं करताहेत, असं मी त्याआधी गावात पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. हे लिहिताना मला लपवायचं नाही की तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा महिना होता.

तपासणीचं काम अर्थातच माझ्याकडं. मी प्रत्येक भोकाला खडूनं नंबर घातला. प, द, उ, आणि पुढं आकडा. बुजवलेल्यावर फुली. दगडांचे सगळे सांधे चुना खरवडून सिमेंटनं भरायचे, विटांच्या कठड्यावर आणि कमानीवर गिलावा करायचा, आणि भोकं आतपर्यंत खडी-सिमेंट ठासून बंद करायची. पोरं थट्टा करायची. अण्णा, वीस नंबरला शिक्का मारला न्हाय, पास हाय का नापास? मी खरोखरच परत जाऊन काठीनं ठोकून बघायचो. चार भोकं मी नापास केली आणि पुन्हा भरायला लावली.

गावात तेव्हा परशराम आप्पा होते. दगडकाम करणारे शेवटचे. त्यांची नजर गेली होती, पण रोज येऊन वरच्या पायरीवर बसायचे आणि ठोकण्याचा आवाज ऐकायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

"भोकं कशाला बुजवालायसा? असूं द्यात की ती. कुणाला काय खात्यात?"

मी विचारलं, ती कशासाठी आहेत.

"म्हाइत न्हाय बाबा. पर उत्तरंचा कोपरा पडलता, तवा माझ्या बापानं बांधला. त्येनं बी हुती तितकीच परत ठेवली."

मी म्हटलं, म्हणजे कारण तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही नव्हतं. हे मी उद्धटपणे म्हटलं नाही. खरोखर विचारलं. आप्पा हसले.

"तुज्या वहीत कारन न्हाय, म्हंजे हिरीला बी न्हाय, असं व्हय रं?"

काम अर्ध्यावर होतं. बाकीच्यांनी आप्पांना आंबील दिली. ते प्याले आणि पुन्हा ठोकण्याचा आवाज ऐकत बसले. म्हाताऱ्या कारागिराला जे माहीत असतं ते बहुतेक हातात असतं, तोंडात नसतं. आम्ही तोंडातलं ऐकतो. मला त्यांनी एक वाक्य, फक्त एक, पाण्याच्या दाबाबद्दल सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी काम थांबवलं असतं. मी तसाच माणूस आहे, कारण दिलं की ऐकतो. पण त्यांच्या बापानं त्यांना कारण दिलं नव्हतं, काम दिलं होतं.

आमचं भोक मी सगळ्यांत शेवटी बुजवलं. द-दहा. स्वतःच्या हातानं. त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "आपलं बी बुजवलं?" मी सांगितलं, त्रेसष्टपैकी त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कोपऱ्यात उभी असायची ती मेसाची काठी तिनं परसात वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवली होती.

त्या पावसाळ्यात विहीर सुंदर दिसत होती. करड्या रेघांची चौकट, चौकटीत काळे दगड. लोक फोटो काढायला यायचे. दुसऱ्या पावसाळ्यात कठड्याचा गिलावा पापुद्र्यासारखा सुटला, आणि सुटताना विटांचं तोंड बरोबर घेऊन आला. आतली वीट बोटानं दाबली की तिचा गुलाल व्हायचा. इतकी वर्षं उघडी भिजत आणि उघडी वाळत आलेली वीट, आम्ही तिला झाकल्यावर दोन वर्षांत गेली. आम्ही पुन्हा गिलावा केला, जास्त जाड. आप्पा त्याच वर्षी गेले. तिसऱ्या पावसाळ्यात, भाद्रपदात, दुपारी सव्वातीनच्या सुमारास पश्चिमेची भिंत आत पडली. मी कामावर होतो. ज्यांनी ऐकलं ते सांगतात, मोठा आवाज झाला नाही. कुणी तरी खोल श्वास सोडावा तसं काही तरी झालं, आणि मग पाणी उसळल्याचा आवाज. संध्याकाळी जाऊन पाहिलं. भिंतीच्या जागी ओली लाल माती उघडी पडली होती आणि तिच्यातून, वरच्या खाचरांतून झिरपून आलेलं पाणी, सगळीकडून वाहत होतं. इतकं पाणी आमच्या भिंतीमागं उभं होतं, तीन पावसाळे, बाहेर यायला जागा शोधत. पाणी विहिरीतून बाहेर जात नव्हतं. बाहेरून आत येत होतं. हे समजायला मला शिक्षण लागलं नाही, भिंत पडावी लागली.

गावानं मला दोष दिला नाही. एकानंही नाही. जुनं बांधकाम होतं, कधी तरी पडणारच होतं, तू किती मन लावून काम केलं होतंस, असंच सगळे म्हणाले. मी सांगायला गेलो की हे आपल्या बुजवण्यामुळं झालं, तर माझी समजूत घालायचे. दोष वाटून घेतला असता तर हलका झाला असता. तो कुणी घेतलाच नाही, म्हणून सगळा माझ्याकडं राहिला.

मी अर्ज केले. मराठीतला एक परत आला, तेव्हा शेजारच्या मास्तरांकडून कन्नडमध्ये लिहून घेतला. कचेरीतला माणूस सज्जन होता. म्हणाला, अशा विहिरी तालुक्यात कितीतरी आहेत, यादीत तुमची नाही. यादीत घालायची तर कुणी बांधली, केव्हा, त्याचा पुरावा लागेल. पुरावा माझ्याकडं नव्हता. माझ्याकडं मिलिमीटर होते.

शेवटी साडूच्या ओळखीनं धारवाडकडच्या एक बाई आल्या. जुन्या बांधकामांचंच काम करतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझी वही पाहिली, पानं उलटली, आणि इतकी नीट नोंद कुणी ठेवलेली त्यांनी पाहिली नव्हती असं म्हणाल्या. मला लाज वाटली. त्या दोन तास आत होत्या. उरलेल्या बेचाळीस भोकांना त्यांनी हातोडीच्या दांड्यानं एकेक करून ठोकून पाहिलं. भिंती अजून वाचतील, म्हणाल्या. आधी लाकडी टेकू, मग वरून खाली एकेक भोक हळूहळू मोकळं करायचं, सांध्यांतलं सिमेंट काढून चुना भरायचा. जाणती माणसं हवीत, घाई नको. तुम्ही गावकरी छिन्नी घेऊन सगळं एकदम फोडू नका, आता ते सिमेंटच सुटे दगड धरून आहे. म्हणजे ज्यानं मारलं त्यानंच धरूनही ठेवलंय. काढलं तर पडेल, ठेवलं तर पडेल.

जाता जाता त्यांनी विचारलं, पडलेल्या भिंतीतलं एखादं भोक उघडं राहिलं होतं का. मी म्हटलं, नाही. त्या थांबल्या. कन्नडमध्ये बोलत होत्या, मी मराठीत सांगतो.

"सगळीच्या सगळी बुजवलेली मी पहिल्यांदा बघते. माणसाच्या हातून दोन-चार सुटतातच. कंटाळा येतो, सामान संपतं. जिथं सुटतात तिथं भिंत तग धरते."

त्यांनी ते सहज सांगितलं. मी हिशेबी माणूस आहे हे त्यांना माहीत होतं, पण चार भोकं नापास करून पुन्हा भरायला लावल्याचं माहीत नव्हतं. त्या चारांतली तीन पश्चिमेची होती.

त्यांची परवानगी घेऊन मी एकच भोक उघडलं. द-दहा, आमचं. त्याच्या आजूबाजूचे दगड घट्ट होते. लहान छिन्नी, लाकडी हातोडी, तीन रविवार. स्वतः ठासलेलं सिमेंट स्वतः खरवडताना ते किती चांगलं ठासलं होतं ते कळतं. तिसऱ्या रविवारी छिन्नी आत गेली. वालाचा वेल केव्हाच गेला होता, पण काठी परसात तशीच होती. आई तोवर अंथरुणाला खिळली होती. मी काठी धुतली, हळद लावली आणि भोकात घातली. चिखल आला. ओंजळीत धरून घरी आणला आणि तिला दाखवला. तिनं त्यात बोट घातलं, आणि विचारलं, बेडूक? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग पानी न्हाय अजून तिथवर."

आषाढात आलं. करंगळीएवढी धार. चार वर्षं झाली. त्या भोकाच्या भोवती, हातभर अंतरात, भिंत एक मिलिमीटरही पुढं आलेली नाही. वहीत आहे. बाकी एक्केचाळीस तशीच बंद आहेत, टेकू आले नाहीत, जाणती माणसं आली नाहीत, आणि त्या एका भोकाच्या चारही बाजूंनी दक्षिणेची भिंत फुगत चाललीय. मला कधी कधी वाटतं, ते उघडलं नसतं तर बरं झालं असतं. तेव्हा निदान असं मानता आलं असतं की काही करूनही उपयोग नव्हता.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली. तुळशीत अजून तोच चिखल आहे.

यंदा ग्रामसभेत विहीर बुजवायचं ठरलं. ज्यांनी ठरवलं त्यांच्यावर माझा राग नाही. गेल्या महिन्यात एक रेडकू आत पडून मेलं, शाळेची वाट शेजारून जाते, आणि वरची जमीन भेगाळलीय. मी उभा राहून आकडे वाचून दाखवले. द-दहाचे वाचले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझा चुलतभाऊ सदस्य आहे, माझ्याबरोबर त्या वैशाखात त्यानं चौदा भोकं भरली होती. तो म्हणाला, दादा, तुझं सगळं खरं, पर पोरगं पडलं तर कुणाला तोंड दावायचं? मी वही मिटली. मग तो जरा अडखळत म्हणाला, भर घालायला किती टिपर लागतील त्याचा अंदाज कुणालाच येईना झालाय, आणि मापं तर तुझ्याकडंच हाईत.

मापं माझ्याकडं आहेत. काल सकाळी मी शेवटचा ओळंबा सोडला, एकोणऐंशी लिहिलं, आणि कट्ट्यावर बसूनच हिशेब केला. टप्पे धरून सरासरी लांबी चोवीस फूट, रुंदी वीस, खोली अडतीस. अठरा हजार दोनशे चाळीस घनफूट. पडलेल्या भिंतीचा ढीग आत आहे, पण तिच्यामागं तेवढीच पोकळी झालीय, म्हणून ते दोन्ही एकमेकांत गेले. एका टिपरात तीनशे घनफूट. एकसष्ट खेपा. माती पावसात बसते, म्हणून चार वाढवल्या.

पासष्ट. उलटा गुणाकार करून पुन्हा पाहिलं. बरोबर आहे. काही सुटलेलं नाही.